बोरसेभाऊंचा पिन

सुधाकर बोरसे यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की बाईंनी एवढं चांगलं चांगलं सांगितलं आणि शेवटी तोंड फिरवलं. चांगलं मी सांगणारच आहे, कारण ते खरं आहे. माणूस वाईट असता तर इतकं लागलं नसतं, चार शिव्या दिल्या असत्या आणि कामाला लागलो असतो.

आमचं गाव जळगावजवळच्या असोद्याच्या पुढे, केळीच्या बागांत. नाव मुद्दाम लिहीत नाही. या प्रकरणावरून गावात अजून दोन तट आहेत आणि मला तिथल्याच शाळेत मुलांना शिकवायचं आहे. या गावाला स्वतःचं पोस्ट होतं आणि स्वतःचा पिनकोड होता. आजूबाजूची गावं कुणा ना कुणाच्या पिनवर चालतात, आमचे सहाच्या सहा आकडे मात्र आमचे होते. ते आणले माझ्या सासऱ्यांनी, आबांनी. त्याआधी गावाचं टपाल शेजारच्या गावात यायचं आणि त्यांच्याशी आमचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. तिथला माणूस मनात येईल तेव्हा पत्र द्यायचा. लग्न होऊन जायचं आणि मग बोलावणं यायचं. आबांनी जळगाव-नाशिकच्या खेपा घातल्या, अर्ज दिले, साहेबांना गावात आणून बागा दाखवल्या, आणि 'जागा कुठाय' असं साहेबांनी विचारल्यावर आमच्या ओट्यालगतची खोली रिकामी करून दिली. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्या खोलीवर लाल पाटी होती आणि ओट्यावर आबा होते. ते ना कधी सरपंच झाले, ना सोसायटीचे चेअरमन. 'पोस्टवाले आबा' एवढीच त्यांची पदवी. आंघोळ झाली की धुतलेली टोपी घालून ते ओट्यावर बसत आणि पोस्ट उघडल्याशिवाय चहाला हात लावत नसत. हे पोस्ट उद्या बंद झालं तर या माणसाने सकाळी उठून करायचं काय, असा विचार माझ्या मनात कधीतरी यायचा आणि मी तो झटकून टाकायचे.

बोरसेभाऊ आमच्याकडे पोस्टमास्तर म्हणून आले ते तक्रार करतच. रस्ता खराब, गाव लांब, खोलीत वारा नाही. शरीर काटकुळं, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम कोरडं. बायको आणि म्हातारी आई धुळ्याला, हे जळगावात एका खोलीत, आणि तिथून रोज मोटरसायकलने आमच्याकडे. चार दिवसांत तक्रारी थांबल्या, कारण आबांनी खिडकीत कूलर आणून बसवला आणि दुपारचं ताट आमच्याकडून जाऊ लागलं. पहिल्यांदा 'नको नको', दुसऱ्यांदा 'कशाला उगाच', आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत भाऊ हात धुऊन ताटापुढे बसलेले असत. चहाचंही तसंच. तिसऱ्यांदा विचारलं नाही तर मात्र दिवसभर तोंड फुगवून बसायचे.

मूळचे ते दोंडाईच्याकडचे. त्यामुळे बोली अहिराणी. आमच्याकडची बोली वेगळी, पण इतकी वर्षं राहूनही भाऊंनी आपली सोडली नाही. साहेब आले किंवा माझ्या शाळेत आले तर मात्र एकदम छापील मराठी. आल्याबरोबर बसायच्या आधी शिक्क्यातली तारीख बदलायची, शिक्का एका कोऱ्या कागदावर उठवून बघायचा, आणि तो नीट उमटला तरच खुर्चीवर टेकायचं. थैली फोडली की पत्रांशी बोलणं सुरू. "तू कोठे चालना रे?" असं एखाद्या पाकिटाला विचारायचे. चुकून आलेलं पत्र दिसलं की त्याच्यावर चिडायचे, जसं काही ते स्वतःच चुकीच्या गाडीत बसलं होतं. आबा हे सगळं ओट्यावरून ऐकत आणि गालातल्या गालात हसत.

माणसांनाही ते पिननेच ओळखत. पुण्याला नोकरीला लागलेला पोरगा सुट्टीत आला की, "काय ४११, मायले फोन करस का नही?" सुरतेला दिलेली मुलगी आली की, "उनी का ३९५!" माझी बहीण इंदूरला, तिचं पार्सल आलं की खोलीतूनच आवाज यायचा, "वहिनी, तुम्हनं ४५२ उनं!" गावात लहान पोरं एकमेकांना मामाच्या गावच्या पिनने चिडवायला लागली तेव्हा मला शाळेत बंदी घालावी लागली.

मग मीच त्यांना शाळेत बोलावलं, म्हटलं चिडवताय तर नीट समजून तरी घ्या. भाऊंनी फळ्यावर काही काढलं नाही. सगळ्या मुलांना शाळेमागच्या केळीच्या बागेत नेलं. म्हणाले, "पहिला आकडा म्हणजे ही अख्खी बाग. चार लिहिलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, एवढ्या बागेत पत्र शिरलं. दुसरा आकडा म्हणजे बागेतली ओळ. तिसरा आकडा म्हणजे झाड. तिथे थैल्या फुटतात आणि पत्रांची छाटणी होते. ४२४ हे धुळ्याचं झाड, ४२५ हे जळगावचं. आता उरले शेवटचे तीन. घड, फणी आणि केळं. ते केळं म्हणजे तुमचं पोस्ट." एका पोराने विचारलं, "मंग आमचं घर?" भाऊ म्हणाले, "घर शोधायचं काम पोस्टमनचं. तेवढं तरी त्याला राहू द्या." पोरं खूष. त्या वर्षी आमच्या चौथीच्या एकाही मुलाचं पिनचं उत्तर चुकलं नाही.

आता ते आमच्या घरचे कसे झाले ते सांगते.

माझ्या नणंदेची मुलगी दोंडाईच्याला दिली. लग्नाच्या पत्रिकांची पाकिटं आबांनी स्वतः बसून लिहून घेतली. दोंडाईचा जिल्हा धुळे, म्हणून सगळ्यांवर पिन घातला धुळ्याचा. खानदेशात ही चूक सगळेच करतात. जिल्हा धुळे असला तरी दोंडाईच्याचा पिन ४२५ चा, आणि चाळीसगाव, पाचोरा जळगाव जिल्ह्यात असूनही त्यांचा ४२४ चा. भाऊ म्हणत, टपाल कलेक्टरला विचारून चालत नाही, गाडीला विचारून चालतं. दोंडाईचा सुरत-भुसावळच्या रुळावर, म्हणून ते जळगावच्या झाडाला लागलं. पण हे पाकिटं पेटीत पडल्यावर कळून काय उपयोग? भाऊ त्या आठवड्यात आईच्या आजारपणामुळे रजेवर होते. पाकिटं गेली धुळ्याला, तिथून फिरली, आणि नवऱ्या मुलाच्या मोठ्या काकांचं पाकीट लग्न झाल्यावर त्यांच्या हातात पडलं.

काका लग्नाला आले नाहीत. घरातल्या कुणाला येऊ दिलं नाही. आमच्या पोरीला सासरी रोज टोमणे, 'तुझ्या मामाच्या गावाला माणसं मोजता येत नाहीत.' आबांनी फोन केले, तर काका म्हणाले, लग्नानंतर पाकीट टाकून आमचा अपमान केलात, वर फोन कसले करता? आबांचं जेवण सुटलं.

पुढच्या रविवारी बोरसेभाऊ कुणाला न विचारता दोंडाईच्याला गेले. काकांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हना, ते पाकीट माले दखाडा." काकांनी रागारागाने आणून दिलं. भाऊंनी ते उलटसुलट केलं आणि एकेक शिक्का बोटाने दाखवला. हा आमच्या गावचा शिक्का, ही तारीख, लग्नाच्या कितीतरी आधीची. हा धुळ्याचा. हा पुन्हा वळवल्याचा. हा तुमच्या दोंडाईच्याचा. "आते सांगा, दोष मानसेसना का आकडासना?" काकांनी पाकीट स्वतः पुन्हा उलटून बघितलं. मग त्यांनी चहा मागवला. भाऊ दोनदा नको म्हणाले आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर प्याले, हे आम्हाला पोरीने फोनवर सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काका स्वतः पोरीला घेऊन आमच्याकडे आले, आबांच्या मांडीला मांडी लावून पुरणपोळी जेवले.

त्या दिवाळीला मी बोरसेभाऊंना भाऊबीजेला ओवाळलं. मला सख्खा भाऊ नाही. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडचं 'वहिनी' गेलं आणि 'ताई' आलं. हे मी आज लिहितेय तेव्हाही माझा हात थांबतो.

आता तो पिन.

आबांना छातीचा त्रास सुरू झाला आणि त्यांचं एक औषध पुण्याहून पुतण्या पाठवायला लागला. आमच्या गावची थैली जळगाव शहरातून निघायची ती तालुकाभर फिरत फिरत यायची. औषध शहरात येऊन पडलेलं असायचं आणि आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी. एकदा औषध संपलं आणि पार्सल येईना, तेव्हा मी ओट्यावर रडायलाच बसले. भाऊ खोलीतून बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, पुढला बारले पिन शहरना टाका. गावनं नाव लिखा, मन्हं नाव लिखा, पिन शहरना. मी सकाळे येताना पिशवीमा लई येसू."

शहरातल्या छाटणीत त्यांचा कुणी दोस्त होता. तो आमच्या गावचं टपाल बाजूला काढून ठेवायचा आणि भाऊ सकाळी निघताना घेऊन यायचे. नियमात बसतं की नाही हे आम्ही विचारलं नाही. आबांचं औषध वेळेवर यायला लागलं, आम्हाला अजून काय पाहिजे?

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बँकेचं कार्ड, कॉलेजची कागदपत्रं, फोनवरून मागवलेल्या साड्या, फवारणीच्या पंपाचे सुटे भाग, सगळं शहराच्या पिनवर यायला लागलं. कुणी पत्ता विचारला की लोक सांगत, "बोरसेभाऊंचा पिन टाका." किराणावाल्याने तर दुकानाच्या पाटीवर तोच रंगवून घेतला. भाऊ सकाळी मोटरसायकलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून यायचे आणि बागेत पाणी धरणारी माणसं हात दाखवून विचारायची, "माझं काही हाये का?"

एकट्या आबांना ते खटकलं. म्हणाले, "पन बाप्पा, आपला पिन हाये ना. मंग दुसऱ्याचा काहून लिव्हाचा?"

भाऊ हसले. "आबा, आपला पिन कोठे जास? आकडा त्यासना, टपाल आपलं."

आबांनी मान डोलवली. भाऊ सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

गावात एकच माणूस ऐकला नाही, शकूरचाचा. चाचांचं शिंपीकाम. सुरतेहून लेस, बटणं, अस्तर असं त्यांचं पार्सल यायचं. ते हट्टाने आमच्याच पिनवर मागवायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायचे. गिऱ्हाईक ओरडलं तरी म्हणायचे, "अपने गाँव का नंबर है, दूसरे का कायको लिखूँ?" लोक हसायचे. मीही हसले आहे.

मग हवा सुरू झाली, की लहान गावांची पोस्टं शहरात विलीन करणार. आसपासची दोन-तीन नावं पेपरात आली. आबा जराही घाबरले नाहीत. ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ज्या गावात टपाल येत नाही त्यायचं बंद होईल. आपल्या गावात किती येतं ते बोरसेले इचारा." भाऊ आत शिक्के मारत असायचे. आवाज ऐकू यायचा, उत्तर यायचं नाही. आम्हाला वाटायचं, कामात आहेत.

दिवाळीनंतर थंडीत पोस्टाचे साहेब गावात आले. तरुण, सभ्य, बोलायला नम्र. सभा आमच्याच ओट्यापुढे भरली. आबांनी नवी टोपी काढली होती. मी बायकांत उभी होते.

साहेबांनी सांगितलं, "तुमच्या गावच्या पिनवर येणाऱ्या टपालाची आम्ही मोजणी केली. दिवसाला बोटांवर मोजता येईल एवढंच येतं. एवढ्यासाठी स्वतंत्र ऑफिस ठेवणं शक्य नाही."

लोक आधी हसलेच. किराणावाला म्हणाला, "साहेब, माझ्या एकट्याचंच पोतंभर येतं!"

"त्याच्यावर पिन कोणता असतो?" साहेबांनी विचारलं.

किराणावाला वळून आपल्याच पाटीकडे बघायला लागला. मग सगळेच एकमेकांकडे बघायला लागले.  घरोघर आलेलं सगळं टपाल, आबांच्या औषधासकट, शहराच्या खात्यावर मोजलं गेलं होतं. आमच्या गावाच्या नावावर काहीच नव्हतं.

आबांना मात्र अजून धीर होता. ते भाऊंकडे वळले. "बोरसेभाऊ, सायबाले सांग ना बाप्पा, टपाल आपलंच हाये म्हून. पिशवीत तूच तर आनतं."

भाऊ खुर्चीवरून उठले. त्यांनी आबांकडे बघितलं नाही. साहेबांकडे बघून छापील मराठीत म्हणाले, "साहेबांचे आकडे बरोबर आहेत. या पिनवर टपाल येत नाही."

आबांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही असंच वाटलं. ते तसेच हसऱ्या चेहऱ्याने थांबले होते.

साहेब बिचारे समजावत होते, की मोजणी अचानक केलेली नाही, दिवाळीच्या आधीच ऑफिसला तशी सूचना दिली होती, त्यानंतर काही महिने मोजत होतो. तेव्हा मागून शकूरचाचा उभे राहिले. सभेत कधी न बोलणारा माणूस.

"साब, दिवाली के पहले से गिनती थी?"

"हो."

चाचा भाऊंकडे वळले. "भाऊ, उसी टैम तो तुम मेरी दुकान पे आए थे. बोले, चाचा, जिद छोडो, अब तो शहर का पिन डालो. मेरी चाय पी के बोले थे. मैंने तुम्हारा मान रखा." त्यांचा आवाज चढला नाही. "गिनती चालू थी और तुम मेरा भी निकाल के ले गए?"

 भाऊंनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. साहेबांना यातलं काही कळलं नाही. ते म्हणाले, "आता पिनचं एवढं काय घेऊन बसलात, पुढे तर फोनवर तुमच्या घराचा ठिपकाच मिळणार आहे." आबा उठले आणि भिंतीला धरत घरात गेले. सभा तशीच मोडली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. ताट नेलं नव्हतं. ताटाशिवाय मी त्या खोलीत कधी गेले नव्हते, त्यामुळे हातांचं काय करावं तेच कळेना.

"भाऊ, का केलंत?"

ते शिक्का पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी बदली मांगेल शे. धुयानी. मन्ही माय आते वळखत बी नही कोनले. बायको एकली तिले उचलस, ठेवस. पन मन्हा जागावर आठे कोनी येवाले तयार नही. ऑफिस चालू शे तोपर्यंत माले सोडतस नही." मग शिक्का खाली ठेवून म्हणाले, "सुरवातले मन्हा मनमा काही नव्हतं. मायनी आन. आबासनं औसद लवकर येवाले पाहिजे, इतलंच."

"आणि नंतर?"

"नंतर कागद उना मोजनीना."

"तेव्हा सांगायचं होतं. गावाने एका दिवसात पिन बदलला असता."

"बदलता. आनि मी आठेच ऱ्हातू."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "आबांनी गावासाठी नाशिकच्या खेपा घातल्या, ते तुमच्या बदलीसाठी गेले नसते? तुमच्या आईसाठी? छातीवर हात धरून गेले असते!"

भाऊ म्हणाले, "माहीत शे."

ते 'माहीत शे' मला आजही सहन होत नाही. माहीत नसतं तर मी समजून घेतलं असतं. आई अंथरुणाला खिळलेली आणि आपण दुसऱ्या जिल्ह्यात अडकलेलो, हे दुःख मला कळतं, मीही माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत चोपड्याला माहेरी पोचले नव्हते. सुरुवातीचा भाऊंचा चांगुलपणाही मी खरा मानते. पण सगळं गाव फितवून झाल्यावर जो एक म्हातारा शिंपी आपला नंबर धरून बसला होता, त्याच्या दुकानात जाऊन, त्याचा चहा पिऊन, त्याचं पार्सलसुद्धा काढून घेणारा माणूस कोणता? त्याला मी ओवाळलं होतं का? आम्ही इतकी वर्षं ज्याला माया समजत होतो, त्यातली माया कुठे संपली आणि सुटकेची वाट कुठे सुरू झाली, हे आता कुणाला विचारायचं?

गावात दोन तट पडले ते इथे. तरुण म्हणाले, काय फरक पडतो, टपाल तर येणारच. फरक पडला. शहराचा पोस्टमन आठवड्यातून जमेल तेव्हा येतो. त्याला आमच्या गल्ल्या माहीत नाहीत, मग तो सगळं एका दुकानात ठेवून जातो. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या एसटीने शहरात जातात आणि अंगठा उमटला नाही की परत येतात. आबांचं औषध आता माझा मुलगा जळगावातून घेऊन येतो. शकूरचाचांनी पार्सल मागवणं बंद केलं. ते स्वतः जळगावला जाऊन लेस आणतात आणि कुणी पिन विचारला तर सांगत नाहीत.

सामान न्यायला खात्याची गाडी आली त्या दिवशी भाऊ कागदांवर सह्या करायला आले. त्यांची बदली झाली होती, धुळ्याला, घरापासून चालत जाण्यासारख्या ऑफिसात. हमालांनी तिजोरी नेली, वजनकाटा नेला, भिंतीवरची लाल पेटी काढताना बरंच पलस्तर खाली आलं. आबा ओट्यावरच बसून होते. त्यांनी सगळं बघितलं. सह्या संपल्यावर भाऊ दाराशी घुटमळले, तेव्हा आबा म्हणाले, "जेवून जाय."

भाऊ म्हणाले, "नको, आबा."

आबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, पान वाढ."

त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी होती.  या माणसाला मी का वाढायचं? पण आबांनी सांगितलेलं मोडायची या घरात रीत नाही. भाऊ खाली मान घालून जेवायला लागले. आबा समोर बसले. स्वतः जेवत नव्हते.

भाऊंनी अर्धी भाकरी खाल्ल्यावर आबांनी विचारलं, "बोरसेभाऊ, तिकडं दोंडाईच्याकडे तुह्या गावचं पोस्ट हाये का चालू?"

"शे, आबा."

"मोजनी झाली व्हती का तिठी?"

"व्हयनी."

"मंग टिकलं कसं?"

भाऊंचा घास हातातच राहिला.

"तिठले लोकं कोनता पिन लिव्हता?" आबांनी विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहिती पाहिजे होती.

 भाऊ ताटाकडे बघत म्हणाले, "गावना."

"तू सांगेल व्हतं त्याहिले?"

"हां, आबा."

आबांनी मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी. मला म्हणाले, "त्याले भाकर वाढ." मी वाढली. भाऊंनी ती खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. ती टाकून उठायची त्यांची हिंमत झाली नाही.

हात धुऊन ते ओट्यावर आले. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. भाऊंनी वाकून आबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "येतो, आबा."

आमच्याकडे निघणाऱ्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नाही. भांडून निघालेल्या पाहुण्यालाही 'ये' म्हणतात, मनात असो वा नसो. आबांनी त्या माणसाला इतकी वर्षं रोज संध्याकाळी 'ये बाप्पा' म्हणून निरोप दिला होता. त्या दिवशी ते त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीच्या उघड्या पडलेल्या विटांकडे बघत म्हणाले, "जाय."

भाऊंनी एक चप्पल पायात घातली होती, दुसरी हातातच राहिली. ते तसेच उभे राहून माझ्याकडे बघायला लागले, मी तरी 'या भाऊ' म्हणेन म्हणून. मी त्यांचं ताट उचललं आणि आत गेले.